काटा फिरविणारा श्रोता

नभोवाणी, दूरचित्रवाणी आणि त्यांच्या मागोमाग आलेल्या गीतचित्रफिती यांच्याविषयी आपल्या मंडळ्यांत जी चर्चा होते ती बहुधा दोन प्रश्नांभोवती फिरते : या माध्यमांतून जे येते ते चांगले की वाईट, आणि त्यांचा उपयोग आपल्या कार्यासाठी कसा करून घ्यावा. दोन्ही प्रश्न योग्यच आहेत. परंतु त्यांच्या आधी विचारावयाचा एक प्रश्न आहे. ऐकणारा माणूस ऐकत असताना नेमके काय करीत असतो? गेल्या शतकात माध्यमांचा जो पद्धतशीर अभ्यास उभा राहिला, त्यालाही या प्रश्नापाशी येऊन स्थिरावण्यास बराच काळ लागला. त्या प्रवासाची हकीकत पाळकांनी व धर्मशिक्षकांनी समजून घ्यावी अशी आहे. कारण तिच्या प्रारंभीच एक व्यासपीठ उभे आहे.

ब्रिटनमध्ये १९२२ साली ध्वनिक्षेपण कंपनी निघाली. तिचे सूत्रधार जॉन रीथ हे स्कॉटलंडच्या फ्री चर्चमधील एका पाळकाचे पुत्र. लोकांना जे आवडते त्याहून थोडे वरचे त्यांना द्यावे, म्हणजे त्यांची आवडही वर चढेल, अशी त्यांची दृढ धारणा होती. या धारणेची खरी कसोटी रविवारी लागे. प्रभुवारी उपासना, प्रवचने व गंभीर संगीत एवढेच द्यावयाचे, हलक्याफुलक्या करमणुकीला त्या दिवशी जवळजवळ मज्जाव, असा बी.बी.सी.चा शिरस्ता पडला. हेतू शुद्ध होता. परिणाम मात्र असा झाला की फ्रान्समधून रेडिओ नॉर्मंडी व १९३३ पासून रेडिओ लक्झेंबर्ग ही जाहिरातींवर चालणारी केंद्रे इंग्रजीतून नृत्यसंगीत ऐकवू लागताच, असंख्य इंग्रज घरांत रविवारीच यंत्राचा काटा तिकडे वळू लागला. श्रोते कोण, ते काय ऐकतात, याची रीतसर पाहणी करणारा विभाग बी.बी.सी.ने उघडला तो १९३६ साली. तोपर्यंत श्रोता हा उपासनामंदिरातील बाकावर बसलेला आहे असे गृहीत धरण्यात आले होते. पण बाकावरून उठून जाणारा मनुष्य चारचौघांना दिसतो. काटा फिरविणारा दिसत नाही.

याच सुमारास अटलांटिकच्या पलीकडे या विषयाचे शास्त्र बनविण्याचा पहिला मोठा प्रयत्न चालू होता. रॉकफेलर प्रतिष्ठानच्या द्रव्यसाहाय्याने प्रिन्स्टन विद्यापीठाच्या नावे नभोवाणी-संशोधनाचा एक प्रकल्प निघाला. त्याचे संचालक पॉल लाझर्सफेल्ड हे व्हिएन्नाहून आलेले गणिती वळणाचे मानसशास्त्रज्ञ. त्यांनी १९३८ साली संगीतविभागासाठी थिओडोर अॅडोर्नो या जर्मन तत्त्वज्ञाला बोलाविले. दोघेही युरोपातून परागंदा झालेले. पण स्वभावाने दोन टोके. प्रकल्पाची कचेरी न्यूअर्क येथे बिअरच्या एका बंद पडलेल्या कारखान्यात होती, आणि तेथे श्रोत्यांच्या हाती दोन बटणे देऊन आवड-नावड नोंदविणारे एक यंत्र वापरात आले होते. संस्कृतीचे मोजमाप घेणे म्हणजे काय हेच अॅडोर्नोंना उमजेना. त्यांचे म्हणणे असे की श्रोत्याची आवड विचारून उपयोग नाही. कारण ती आवडच बाजाराने घडविलेली आहे. नभोवाणीवरून ऐकलेली सिंफनी ही ती सिंफनी उरतच नाही. सभागृहात जो नाद माणसाला चहूबाजूंनी वेढतो, तो खोलीतील पेटाऱ्यातून क्षीण होऊन येतो. रचनेचा विशाल डोलारा हरपतो आणि गुणगुणण्याजोगे चार तुकडे तेवढे स्मरणात राहतात. दोघांचे जमले नाही आणि १९४० पर्यंत अॅडोर्नो प्रकल्पातून बाहेर पडले.

मला वाटते, अॅडोर्नोंचे अर्धे बरोबर होते. यंत्र आवाजाचे काय करते हे कान देऊन ऐकणारा हा पहिल्या फळीचा अभ्यासक. परंतु ऐकणारी व्यक्ती त्याच्या लेखी जवळजवळ मूक होती. तिला बोलते केले ते याच प्रकल्पातील हेर्टा हर्झोग या विदुषीने. अमेरिकेत दुपारच्या वेळी गृहिणींसाठी ज्या कौटुंबिक श्राव्यमालिका लागत, त्यांना सुशिक्षित समाज नाके मुरडीत असे. हर्झोग यांनी शंभर स्त्रियांच्या प्रदीर्घ मुलाखती घेतल्या व १९४१ साली त्यांवर निबंध लिहिला. कोणी मालिका ऐकून मोकळेपणी रडून घेत होती. कोणी आपल्या संसारात नसलेले सुख कल्पनेने भोगीत होती. आणि कित्येकजणी नवऱ्याशी, मुलांशी कसे वागावे याचा सल्ला तीतून घेत होत्या. हा शेवटचा निष्कर्ष वाचताना पाळकाने क्षणभर थांबावे. ज्या प्रश्नांसाठी या स्त्रिया पूर्वी कदाचित एखाद्या वडीलधाऱ्या माणसाकडे गेल्या असत्या, ते त्या एका साबण विकणाऱ्या मालिकेपुढे मांडीत होत्या.

त्याच मंडळींनी आणखी एका घटनेचा अभ्यास केला. ३० ऑक्टोबर १९३८ च्या रात्री ऑर्सन वेल्स यांनी मंगळावरील प्राण्यांच्या स्वारीची नाटिका बातम्यांच्या थाटात सादर केली आणि पुष्कळ लोक घाबरले. हॅडली कँट्रिल यांचे त्यावरील पुस्तक १९४० साली निघाले. १३५ जणांच्या मुलाखती हा त्याचा आधार. घबराटीचे वर्तमानपत्रांनी केलेले वर्णन फुगविलेले होते असे आता इतिहासकार सांगतात, आणि ते पटण्यासारखे आहे. पण कँट्रिलच्या पुस्तकातील एक निरीक्षण अद्याप टिकून आहे : सगळे सारखे घाबरले नाहीत. ज्यांनी काटा फिरवून दुसरे केंद्र लावून पाहिले, त्यांना तेथे नेहमीचे कार्यक्रम चालू असलेले आढळले व ते शांत झाले.

आता आपल्याकडे वळू. रीथ यांच्याच बी.बी.सी.तून लायनेल फील्डन हे १९३५ साली हिंदुस्थानात नभोवाणीचे नियंत्रक म्हणून आले. पुढील वर्षी सरकारी नभोवाणीला ‘ऑल इंडिया रेडिओ’ हे नाव मिळाले. त्यांच्या कारकिर्दीत, १ मार्च १९४० पासून, नभोवाणीवर बाजाच्या पेटीला बंदी झाली. पेटी ही परदेशी. अलेक्सांद्र दबँ यांनी १८४२ साली पॅरिसमध्ये तिचे पेटंट घेतले. मिशनरी व इतर युरोपियन लोकांबरोबर ती इकडे आली. १८७५ च्या सुमारास कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनी भाता हाताने चालविण्याची, जमिनीवर बसून वाजविण्याची सोय केली आणि ती या देशाची झाली. तक्रार अशी की तिच्या पट्ट्यांचे स्वर ठरलेले. दोन स्वरांमधील मींड तिच्यातून निघत नाही, श्रुतींचे सूक्ष्म भेद ती पुसून टाकते आणि गायकाच्या कंठाला आपल्या साच्यात ओढते. दिल्ली केंद्रावर पाश्चात्त्य संगीताचे प्रमुख असलेले इंग्रज संगीतकार जॉन फोल्ड्स यांनी १९३८ साली पेटीविरुद्ध लेख लिहिला होता. रवींद्रनाथांनी १९४० च्या जानेवारीत कलकत्ता केंद्राच्या संचालकांना पत्र लिहून तिच्या उच्चाटनाला पाठिंबा दिला.

ही बंदी निव्वळ हट्ट म्हणून सोडून देता येणार नाही. नाटकगृहात वा कीर्तनात शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोहोचविण्यासाठी गवयाला भक्कम आधारस्वर हवा असे, आणि पेटी तो देत असे. ध्वनिग्राहकापुढे ती गरज उरली नाही. तेथे हळुवार कंठही सर्व देशभर ऐकू जातो, आणि तेथेच पेटीचा ठोकळ स्वर अधिक बोचतो. म्हणजे बंदी घालणाऱ्यांना नकळत माध्यमाचा एक गुण जाणवलेला होता. जे जाणवले नाही ते असे की कार्यक्रमगृहाच्या दाराबाहेर सगळा देश पेटीवर गात होता. भजनी मंडळे, संगीत नाटके, शाळा. आणि आपल्या मंडळ्याही. नारायण वामन टिळकांची भजने खेडोपाडीच्या ख्रिस्ती घरांतून पेटी, तबला व झांज यांच्या साथीनेच म्हटली जात होती. नभोवाणीचा स्वर आणि गावचा स्वर यांत अशी एक भिंत पडली. १९७१ पासून काही कलावंतांच्या साथीपुरती पेटी आत येऊ लागली. एकल वादनाला दार उघडण्यास त्यानंतरही काही दशके जावी लागली.

पेटीच्या बंदीने श्रोता दुसरीकडे गेला नाही, कारण जावयास दुसरे केंद्र नव्हते. पुढच्या वेळी ते होते. १९५२ साली नभोवाणी खात्याचे मंत्री झालेले डॉ. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर हे मूळचे पुण्याचे, शास्त्रीय संगीताचे कळकळीचे भोक्ते. त्यांचे उपकार लहान नाहीत : संगीताचा अखिल भारतीय कार्यक्रम त्यांच्याच काळात सुरू झाला आणि संस्थानिकांचा आश्रय तुटलेल्या अनेक गवयांना आकाशवाणीने पोटाशी धरले. पण चित्रपटगीत त्यांना खपत नसे. त्याचा वेळ कापण्यात आला, गाण्यांची निवड कडक झाली, चित्रपटाचे नाव सांगणे ही जाहिरात ठरवून बंद करण्यात आले. निर्मात्यांनी रागाने परवानगी काढून घेतली आणि ती गाणी आकाशवाणीवरून जवळजवळ नाहीशी झाली. त्याच वर्षीच्या डिसेंबरात रेडिओ सिलोनवर ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली. अमीन सयानी मुंबईत बोलत. ध्वनिमुद्रण विमानाने कोलंबोला जाई व तेथून लघुलहरींवर परत येई. बुधवारच्या संध्याकाळी इंदूर, हैदराबाद, बेळगाव येथल्या गल्ल्यांतून खरखरत येणारा तो आवाज ज्यांनी ऐकला आहे, त्यांना अधिक सांगावयास नको. श्रोत्यांची पत्रे पोत्यांनी येऊ लागली. झुमरी तलैया हे तेव्हाच्या बिहारातील आडगाव फर्माइशींच्या पत्रांनी देशभर ठाऊक झाले. अखेर ३ ऑक्टोबर १९५७ रोजी आकाशवाणीने विविध भारती काढली. लक्झेंबर्गने इंग्लंडच्या रविवारचे जे केले, तेच कोलंबोने आपल्या बुधवारचे केले.

येथे थोडे विषयांतर करतो. चित्रपटगीतांतील ज्या पाश्चात्त्य वाद्यमेळावर केसकरांचा रोष होता, तो मेळ वाजवीत कोण होते? पुष्कळ अंशी गोव्याचे ख्रिस्ती वादक. चर्चला जोडलेल्या शाळांतून, मेस्त्रीच्या छडीखाली स्वरलेखन व व्हायोलिन शिकलेली ही मुले पोटासाठी मुंबईस आली. चिक चॉकलेट या नावाने प्रसिद्ध असलेले अंतोनियो झेवियर वाझ, फ्रँक फर्नांड, सेबॅस्टियन डिसोझा, माजोर्डाचे अँथनी गोन्साल्विस : संगीतकाराने चाल द्यावी व यांनी ती वाद्यवृंदासाठी लिहून काढावी अशी पद्धत होती. पुणतांब्याच्या रामचंद्र चितळकरांच्या, म्हणजे सी. रामचंद्र यांच्या गाण्यांत चिक चॉकलेट यांचा कर्णा वाजतो. उपासनेसाठी दिलेले संगीतशिक्षण अशा रीतीने झुमरी तलैयापर्यंत पोहोचले, आणि कोणत्याही मिशनच्या अहवालात त्याची नोंद झाली नाही.

साठोत्तरी काळात माध्यमविचाराला मार्शल मॅक्लूहन यांनी एकदम प्रसिद्धी मिळवून दिली. १९३७ साली कॅथलिक झालेल्या या कॅनडावासी प्राध्यापकाचे मुख्य पुस्तक १९६४ चे. माध्यमातून काय सांगितले जाते यापेक्षा ते माध्यम असण्यानेच माणसाच्या इंद्रियांची व समाजाची घडण बदलते, हा त्यांचा सिद्धान्त अनेक सेमिनऱ्यांतून उत्साहाने शिकविला गेला. तो दिपवतो खरा, पण त्यात माणसे फारच थोडी दिसतात. उपदेशकाला त्यांचे विद्यार्थी, येशूसंघीय वॉल्टर ऑंग अधिक उपयोगी पडतील असे माझे मत आहे. उच्चारलेला शब्द ही वस्तू नव्हे, घटना आहे, तो उमटतो तेव्हाच विरू लागतो, हे त्यांनी १९६७ च्या ग्रंथात विस्ताराने मांडले. आणि नभोवाणीवरचे बोलणे हे लिहिलेल्यावर उभे असलेले, दुसऱ्या जन्मीचे बोलणे आहे हेही दाखविले. आकाशवाणीवर भाषण द्यावयास गेलेल्या कोणालाही हे पटेल. संहिता आधी द्यावी लागे, आणि बोलल्यासारखे वाचावे लागे. कीर्तनकाराला समोरच्या डोळ्यांत पाहून आख्यान आटोपते घेता येते. येथे समोर काच असते.

दूरचित्रवाणीच्या अभ्यासाला निर्णायक वळण दिले रेमंड विल्यम्स यांनी. वेल्सच्या सीमेवरील एका खेड्यात जन्मलेले हे केंब्रिजचे प्राध्यापक बोटीने अमेरिकेस गेले असता मायामी येथे एका रात्री चित्रपट पाहावयास बसले. मध्येच जाहिराती, मध्येच दुसऱ्या चित्रपटांचे तुकडे. कोठे काय संपले व काय सुरू झाले याचा पत्ता लागेना. त्यातून त्यांना सुचले की दूरचित्रवाणीवर आपण कार्यक्रम पाहत नसून एक अखंड प्रवाह पाहत असतो. १९७४ च्या त्यांच्या पुस्तकातील ही कल्पना आज हातातील फोनवर बोट सरकवीत बसलेल्या मुलाला पाहिले की लगेच समजते. बर्मिंगहॅमच्या स्टुअर्ट हॉल यांनी १९७३ साली दुसरी बाजू मांडली : पाठविणारा एक अर्थ घालून पाठवितो, पण घेणारा तो जसाच्या तसा स्वीकारतो, काही अंशी वळवून घेतो, किंवा धुडकावून लावतो.

आपल्या देशात त्याच सुमारास याची प्रत्यक्ष परीक्षा चालू होती. १ ऑगस्ट १९७५ पासून वर्षभर अमेरिकेच्या उपग्रहाच्या साहाय्याने सहा राज्यांतील सुमारे २४०० खेड्यांत दूरचित्रवाणी दाखविण्यात आली. कर्नाटकातील विजापूर, गुलबर्गा व रायचूरकडील खेडी त्यांत होती. काही खेड्यांत मानववंशशास्त्रज्ञ मुक्काम ठोकून राहिले व लोक पाहतात कसे हे त्यांनी टिपले. पुढे जानेवारी १९८७ ते जुलै १९८८ रविवारी सकाळी ‘रामायण’ लागू लागले तेव्हा कित्येक घरांत स्नान करून, संचाला हार घालून, उदबत्ती लावून लोक बसत. आपल्या उपासनेची वेळही तीच. त्या दीड वर्षातील रविवार जुन्या पाळकांना आठवत असतील. विल्यम्सचा प्रवाह येथे प्रेक्षकांनीच अडविला आणि त्याचा घाट बांधला. दिल्लीतील सामान्य घरांतल्या स्त्रियांशी पूर्णिमा मंकेकर दीर्घकाळ बोलल्या. ‘महाभारता’तील द्रौपदीच्या विटंबनेत त्या स्त्रियांना स्वतःची असुरक्षितता दिसत होती असे त्यांनी १९९९ च्या पुस्तकात नोंदविले. मालिका ज्यांनी पाठविली त्यांच्या मनात हाच अर्थ प्रमुख होता असे म्हणवत नाही.

राहता राहिली गीतचित्रफीत. १ ऑगस्ट १९८१ रोजी अमेरिकेत एम.टी.व्ही. सुरू झाली आणि गाण्याला चित्र जोडण्याचा हा प्रकार नवा म्हणून गाजला. पडद्यावर चित्रित केलेले गाणे ‘आलम आरा’पासून, म्हणजे १९३१ पासून, पाहत आलेल्या भारतीयाला त्यात नवल वाटण्याचे कारण नव्हते. ई. अॅन कॅप्लन यांनी १९८७ साली या फितींत कथेचे व काळाचे तुटलेपण पाहिले. त्यावर अँड्र्यू गुडविन यांनी १९९२ साली साधा आक्षेप घेतला : चित्रपटाच्या अभ्यासातून आलेली ही मंडळी गाणे ऐकावयासच विसरली. चित्राचे तुकडे सुटे दिसतात, पण ताल, चाल व गाणाऱ्याची ओळख त्यांना बांधून ठेवते. ज्याने भजनात एकच ध्रुपद दहादा आळवले आहे त्याला गुडविनचे म्हणणे शिकवावे लागत नाही.

या फितींवरून धर्ममंडळींत वादळेही उठली. मॅडोना या गायिकेची १९८९ ची, जळते क्रूस व चर्चमधील दृश्ये असलेली फीत निषिद्ध ठरविण्याची मागणी झाली, प्रायोजक कंपनीने जाहिरात मागे घेतली. उलट अँड्र्यू ग्रीली या समाजशास्त्रज्ञ धर्मगुरूने तिच्यात कॅथलिक प्रतिमासृष्टी जिवंत असल्याचे लिहिले. दोन्ही पक्ष फितीचा अर्थ स्वतःच लावीत होते. त्याहून बोलका आहे जेन ब्राउन व लॉरी शुल्झ यांचा १९९० चा अभ्यास. मॅडोनाचीच १९८६ ची एक फीत : मुलगी वडिलांना काही सांगू पाहते आहे. ती महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना दाखविली. बहुतेक गोऱ्या विद्यार्थ्यांना ती अविवाहित मुलीच्या गर्भारपणाची गोष्ट वाटली. कृष्णवर्णीयांपैकी बऱ्याच जणांना गर्भारपण दिसलेच नाही. मुलीला तिचा मित्र सोडवत नाही आणि बापाला ते पसंत नाही, अशी बाप-लेकीची गोष्ट त्यांनी पाहिली. गाण्यात बाळ आणि प्रियकर या दोहोंना चालणारा एकच शब्द आहे, त्यावर हा सारा फरक तोललेला. या फितीवर प्रवचन करणाऱ्याने समोरच्या तरुणांना आधी काय दिसले ते विचारले नसते, तर निम्मे श्रोते त्याला कशाबद्दल बोलतो आहे म्हणून पाहत राहिले असते.

भारतात उपग्रहावरून एम.टी.व्ही. १९९१ साली दिसू लागली आणि पाश्चात्त्य लोंढ्याची भीती बोलली जाऊ लागली. वंशी जुलुरी यांनी हैदराबादेतील तरुण प्रेक्षकांशी बोलून २००३ साली जे पुस्तक प्रसिद्ध केले, त्यात वेगळेच चित्र आहे. ही मुले गीतचित्रफितींविषयी बोलताना नातेसंबंध, कुटुंब व भावना यांच्या भाषेत बोलत होती. आणि गाण्यांची क्रमवारी लावणारे कार्यक्रम त्यांना लोकांनी दिलेला कौल वाटत होते. ही क्रमवारी त्यांच्या आईवडिलांनी कोलंबोवरून ऐकलेली होती. तेथे पायऱ्यांना पायदान म्हणत, आणि वर्षअखेरीस सरताज गीत कोणते ठरते यावर घराघरांत पैजा लागत. ती क्रमवारी दुकानांतील ध्वनिमुद्रिकांच्या खपावर व श्रोत्यांच्या पत्रांवर ठरे, आणि कार्यक्रमाचा खर्च दंतमंजन विकणारी कंपनी करी. हैदराबादच्या मुलांचा कौल कोण मोजत होते, हा प्रश्न जुलुरींनी त्याच पुस्तकात उभा केला आहे, आणि आपल्या युवक संघांतील मुलांशी बोलताना तो धर्मशिक्षकालाही विचारता येईल.